पोट उघडून ऑपरेशन झाल्यावर सावरणं: टाके, खाट आणि पहिले काही दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय 67. मोठ्या आतड्यातली गाठ काढायची आहे. आधीच्या एका ऑपरेशनमुळे आत बरंच चिकटलेलं आहे, म्हणून दुर्बिणीने न करता पोट उघडूनच करावं लागेल असं सर्जननी सांगितलं आहे. हातात तीन आठवडे आहेत. मुलगी विचारते, "ती लवकर सावरावी म्हणून आम्ही काय करायचं? आणि टाके सुटू नयेत म्हणून किती दिवस तिला अजिबात हलू द्यायचं नाही?"

मी पोटाची ऑपरेशनं करणारा सर्जन आहे, वीस वर्षांहून जास्त काळ. दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं निम्मं उत्तर त्यातच आहे. किती दिवस हलू द्यायचं नाही? एकही दिवस नाही. ऑपरेशन सकाळी झालं आणि सगळं ठीक असलं, तर संध्याकाळी आईंना खाटेच्या कडेला पाय सोडून बसवायचं आणि दुसऱ्या दिवशी चालवायचं.

हे सांगितलं की नातेवाईक एकमेकांकडे बघतात आणि कोणीतरी हळूच विचारतं, "पण डॉक्टर, टाके?" ही भीती मी कधीच हसण्यावारी नेत नाही. ज्या माणसाचं पोट वीतभर उघडून शिवलंय, त्याला उठवायचं म्हटल्यावर घरच्यांचा जीव वरखाली होणारच. म्हणून टाक्यांबद्दल जरा सविस्तर सांगतो.

कातडीवर जे टाके किंवा पिना दिसतात, त्यांच्यावर पोटाचा भार नसतोच. त्या कातडीच्या कडा जुळवून ठेवतात, एवढंच. खरा भार त्याखाली असतो, पोटाच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंना मध्यरेषेत जोडणाऱ्या पांढऱ्या, चिवट पडद्यावर. तो शिवायला आम्ही अनेक आठवडे ताकद टिकवणारा आणि मग काही महिन्यांत हळूहळू विरघळणारा दोरा वापरतो. जखमेच्या लांबीच्या किमान चौपट दोरा आत गेला पाहिजे, असा नियम आहे. 20 सेंटिमीटरच्या छेदाला 80 सेंटिमीटर. 2015 साली नेदरलँड्समधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात एका गटाला कडेपासून पाच मिलिमीटरवर आणि एकमेकांपासून पाच मिलिमीटर अंतरावर असे बारीक टाके घातले, तर दुसऱ्या गटाला सेंटिमीटरभराचे मोठे. वर्षभराने जखमेच्या जागी हर्निया झालेले मोठ्या टाक्यांच्या गटात 21 टक्के निघाले आणि बारीक टाक्यांच्या गटात 13 टक्के. शिवणाऱ्याच्या हातावर किती अवलंबून असतं ते यावरून कळेल.

आता दुसरी गोष्ट, जी बहुतेकांना माहीत नसते. जखम स्वतःची ताकद फार सावकाश धरते. तीन आठवड्यांनी ती मूळच्या ताकदीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यापर्यंत येते आणि तीन महिन्यांनी साधारण 80 टक्क्यांपर्यंत. म्हणजे आठव्या दिवशीसुद्धा पोट जवळपास पूर्णपणे दोऱ्यावरच उभं असतं, पहिल्या दिवशी होतं तसंच. आठ दिवस झोपवून ठेवून टाके पक्के होतात ही समजूत इथेच कोलमडते. आठ दिवस खाटेवर काढून टाक्यांचं काहीच भलं होत नाही; बाकीच्या शरीराचं मात्र नुकसान होतं.

आणि भार किती पडतो? निरोगी माणसांच्या पोटातला दाब मोजून पाहिला आहे. नुसतं उभं राहिल्यावर तो पाऱ्याच्या सरासरी 20 मिलिमीटरपर्यंत जातो. उभ्याने खोकल्यावर 100 च्या वर. उठून चार पावलं टाकणाऱ्या माणसापेक्षा, पडून राहिल्याने छातीत कफ साठून दिवसभर खोकणारा माणूस टाक्यांवर कितीतरी जास्त ताण देतो. संडासला बसून कुंथणाराही तेच करतो. टाके आतून सुटण्याचा प्रकार घडतो, नाही असं नाही. त्यामागे बहुतेक वेळा जखमेतला जंतुसंसर्ग, फुगलेलं पोट, सततचा खोकला, खालावलेलं पोषण, धूम्रपान, स्टेरॉइडची औषधं किंवा शिवण्यातली उणीव असते. चालणं मी या यादीत घालणार नाही.

पोटाच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासातली पहिली गाजलेली रुग्ण मला इथे आठवते. 1809 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या केंटकीमध्ये एफ्रेम मॅकडॉवेल या डॉक्टरांनी जेन टॉड क्रॉफर्ड या बाईंच्या पोटातून सुमारे 10 किलोंची अंडाशयाची गाठ काढली. भूल नावाची गोष्टच तेव्हा नव्हती. पाचव्या दिवशी डॉक्टर बघायला गेले तर बाई उठून अंथरूण आवरत होत्या. पंचविसाव्या दिवशी त्या घरी निघाल्या आणि त्यानंतर तीसहून जास्त वर्षं जगल्या. एका माणसावरून नियम बांधू नये हे मला कळतं. तरी त्यांना कोणी झोपवून ठेवलं नव्हतं, हे मी दर वेळी सांगतो.

खाट नेमकं काय करते ते मी माझ्या सुरुवातीच्या वर्षांत जवळून पाहिलं. सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ, जठराचं मोठं ऑपरेशन, अगदी मनासारखं पार पडलेलं. तेव्हा आम्ही कागदावर सवयीने 'पूर्ण विश्रांती' असं लिहायचो, मीही लिहिलं. नाकात नळी, लघवीला नळी, हाताला सलाईन, आणि पाठीवर पडलेला माणूस. दुखतं म्हणून ते खोल श्वास घेत नव्हते आणि मीही रोज जखम बघून समाधानाने पुढच्या खाटेकडे वळत होतो. चौथ्या दिवशी ताप चढला, उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग न्यूमोनियाने भरलेला. व्हेंटिलेटर लागला. ते वाचले, पण पाच आठवड्यांनी घरी गेले ते चाकाच्या खुर्चीतून. जखम मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत उत्तम होती. ते दोन शब्द मी त्यानंतर कुठल्याच कागदावर लिहिले नाहीत.

पोटाचं, त्यातही वरच्या पोटाचं ऑपरेशन झालं की श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू, नीट हलत नाही आणि खोल श्वासाची क्षमता काही दिवस जवळपास निम्म्यावर येते. पाठीवर झोपलं की फुप्फुसांचा खालचा भाग आणखी दबतो, तिथल्या बारीक पिशव्या मिटतात, कफ साठतो. नुसतं उठून बसवलं तरी श्वासपटलाला खाली जायला जागा मिळते. स्नायूंचं तसंच. धडधाकट वयस्क माणसांना 10 दिवस खाटेवर ठेवून मोजलं, तेव्हा एकट्या पायांतून जवळपास किलोभर स्नायू गेलेले आढळले. ही माणसं आजारीही नव्हती. ऑपरेशन झालेल्या 67 वर्षांच्या बाईंचं यापेक्षा जास्तच जाणार. पायातल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वेगळाच.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. "चाला, म्हणजे गॅस सरेल" असं आम्ही सगळेच वॉर्डात म्हणतो. पण चालण्याने आतड्यांच्या हालचालीवर काय फरक पडतो ते प्रत्यक्ष मोजलं, तेव्हा फारसा फरक दिसला नाही. चालायचं ते फुप्फुसांसाठी, पायांसाठी, रक्ताभिसरणासाठी आणि डोकं ताळ्यावर राहण्यासाठी. आतड्यांचं गणित निराळं आहे, त्याकडे येतोच.

आधी उठायचं कसं ते सांगतो, कारण चुकीच्या पद्धतीने उठल्यामुळेच लोकांचा धीर पहिल्या दिवशी सुटतो. नातेवाईक दोन्ही हात धरून रुग्णाला सरळ ओढतात. त्यात पोटाचे सगळे स्नायू एकदम आखडतात, जखमेतून कळ जाते आणि रुग्ण म्हणतो, आता उद्या बघू. असं ओढायचं नाही. पाठीवर झोपलेलं असताना आधी दोन्ही गुडघे दुमडायचे, तळवे गादीवर टेकलेले. मग खांदे आणि कंबर एकाच वेळी, ओंडका लोळवावा तसं, कुशीवर वळायचं. मध्ये पीळ पडता कामा नये. दोन्ही पाय खाटेच्या कडेबाहेर सोडायचे, आणि पायांचं वजन खाली जात असतानाच खालचं कोपर आणि वरचा तळहात गादीवर रेटत धड वर आणायचं. उठताना श्वास रोखायचा नाही, तोंडाने सोडत राहायचं. बसल्यावर दोन मिनिटं तसंच थांबायचं, घोटे वरखाली हलवायचे, चक्कर येत नाही ना ते बघायचं, मग उभं राहायचं. मदत करणाऱ्याने एक हात खांद्यामागे आणि एक गुडघ्यांपाशी ठेवायचा. आईंना हे आजपासून रोज सकाळी असंच उठायला सांगा. तीन आठवड्यांत ते अंगवळणी पडेल आणि ऑपरेशननंतर गुंगीतही आठवेल.

खोकायचंही शिकून घ्यायचं. पोटावर उशी किंवा घडी घातलेला टॉवेल दोन्ही हातांनी घट्ट दाबायचा, पुढे किंचित वाकायचं, खोल श्वास घ्यायचा आणि तोंड उघडं ठेवून, आरशावर वाफ सोडतो तसा जोरात 'हा' करून श्वास बाहेर टाकायचा. असं दोन-तीनदा करून कफ वर आला की मग एकदा खोकायचं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या 441 रुग्णांवरच्या, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पोटाच्या वरच्या भागाच्या मोठ्या ऑपरेशनआधी एका गटाला फिजिओथेरपिस्टने केवळ अर्धा तास भेटून श्वासाचे व्यायाम आणि त्यामागचं कारण समजावलं. या गटात फुप्फुसाची गुंतागुंत 12 टक्क्यांना झाली, ज्यांना फक्त माहितीपत्रक दिलं त्यांच्यात 27 टक्क्यांना. एवढ्या स्वस्तात एवढा फायदा देणारं औषध माझ्याकडे नाही. तेव्हा ऑपरेशनआधी फिजिओथेरपिस्टची एक भेट मागून घ्या. श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचं यंत्र देतील, ते वापरा, पण त्याच्यावरच विसंबू नका. दर तासाला सावकाश दहा खोल श्वास, प्रत्येक श्वास वर नेऊन तीन सेकंद धरलेला, हे यंत्राविनाही होतं.

या तीन आठवड्यांत आणखी काय? घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर आईंपासून दूर. त्या स्वतः तंबाखू घेत असतील तर आज बंद. चार आठवडे आधी बंद झालेली उत्तम, पण उशिरा सोडली तरी सोडलेली बरी. गाठीतून रक्त जात असेल तर हिमोग्लोबिन कमी असू शकतं. ते तपासून लोहाची गोळी किंवा शिरेतून लोह द्यायचं का, हे आत्ताच विचारा, आदल्या दिवशी नव्हे. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात. रोज दम थोडा लागेल इतकं चालणं, आणि हात न टेकता खुर्चीवरून दहा-दहा वेळा उठबस. वजन उतरलं असेल तर आहारतज्ज्ञांना दाखवा. प्रथिनं किलोमागे दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम हवीत, म्हणजे 60 किलोंच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. मोजून पाहिलंत तर बहुतेक वयस्क माणसं यापेक्षा बरंच कमी खातात असं दिसेल. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवायचा.

उपाशी ठेवण्याबद्दल. 'रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही' हा नियम बहुतेक रुग्णांसाठी आता जुना झाला. हलकं खाणं भुलेच्या सहा तास आधीपर्यंत आणि पाणी किंवा दूध नसलेलं पातळ पेय दोन तास आधीपर्यंत चालतं. अनेक ठिकाणी दोन तास आधी 400 मिलिलीटर गोड पेयही देतात, ज्यात 50 ग्रॅम कर्बोदकं असतात. त्याने तहान आणि अस्वस्थपणा कमी होतो आणि शरीर उपासमारीच्या अवस्थेत ऑपरेशनला सामोरं जात नाही. आतड्यात अडथळा असेल, जठर सावकाश रिकामं होत असेल किंवा मधुमेह असेल तर हे लागू नाही, आणि शेवटचा शब्द भूलतज्ज्ञांचा. पण विचारा नक्की.

ही सगळी विचारसरणी एका माणसामुळे रुजली असं म्हटलं तर चूक होणार नाही. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी 1990 च्या दशकात साधा प्रश्न विचारला: ऑपरेशन नीट झालेला रुग्ण आज घरी का जाऊ शकत नाही? कारणं शोधली तर निघालं काय? वेदना, मळमळ, ठप्प झालेलं आतडं, नळ्या, अशक्तपणा आणि आमच्या सवयी. प्रत्येक कारणावर त्यांनी एकाच वेळी काम केलं आणि आतड्याच्या ऑपरेशननंतर आठ-दहा दिवस राहणारे रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जाऊ लागले, तेही पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर. तुमच्या आईंना इतक्या लवकर सोडतील असं नाही. पण कारणं तीच आहेत.

वेदनेचं बघा. राउंडला मी "दुखतंय का?" असं विचारत नाही. पडून राहिलेला माणूस "नाही, ठीक आहे" म्हणतो, कारण तो हललेलाच नसतो. मी म्हणतो, "एकदा खोकून दाखवा." खोकता आलं तर वेदनेवरचे उपचार पुरेसे आहेत. चेहरा पिळवटला आणि अर्ध्यात थांबले, तर कमी पडताहेत. तुम्हीही हेच करा आणि सिस्टरना सांगा. सहन करण्यात काहीही मोठेपण नाही. जो सहन करतो तो श्वास उथळ घेतो आणि उठत नाही.

पण वेदना मारायच्या कशाने, हेही तितकंच महत्त्वाचं. मॉर्फिनच्या जातीची औषधं जोरदार असतात, पण तीच आतड्यांनाही झोपवतात, मळमळ आणतात, वयस्क माणसाला भ्रमिष्ट करतात. म्हणून पाठीच्या मणक्यांजवळ बारीक नळी घालून, किंवा पोटाच्या भिंतीतल्या नसांजवळ, किंवा जखमेतच बधिरतेचं औषध देतात. त्याच्या जोडीला पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी, दुखो न दुखो. प्रौढाला साधारण 1 ग्रॅम दर सहा तासांनी आणि 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर कधीही नाही. वजन कमी असेल किंवा यकृत बिघडलेलं असेल तर आणखी कमी. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या मात्र स्वतःहून देऊ नका. मूत्रपिंडाचा प्रश्न असतो, आणि आतड्याचा नवा सांधा, म्हणजे गाठ काढल्यावर जोडलेली दोन टोकं, ताजा असताना त्या द्यायच्या की नाही हे सर्जननीच ठरवायचं. पाठीत नळी असताना उभं राहिल्यावर रक्तदाब उतरू शकतो, म्हणून पहिल्यांदा उठवताना सिस्टर किंवा फिजिओथेरपिस्ट जवळ हवेतच. पाय जड पडले, हलेनासे झाले, तर लगेच सांगायचं.

आता आतडी. पोट उघडून हाताळलं की आतडी काही काळ संप पुकारतात. लहान आतडं काही तासांत ते एका दिवसात कामाला लागतं, जठर एक-दोन दिवसांत, मोठं आतडं सगळ्यात शेवटी, दोन-तीन दिवसांनी किंवा थोडं उशिरा. गॅस सरतो तो या शेवटच्याच्या भरवशावर. म्हणून गॅस सरेपर्यंत तोंडाला काही लावायचं नाही, ही जुनी रीत मागे पडली. लहान आतडं तयार असताना माणसाला तीन दिवस उपाशी का ठेवायचं? साध्या, ठरवून केलेल्या ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर काही तासांत घोट घोट पाणी, दुसऱ्या दिवशी पातळ आणि मऊ अन्न, भूक लागेल तसं थोडं थोडं. मळमळ झाली तर थांबायचं, पुन्हा चार तासांनी बघायचं. दोन मोठ्या जेवणांपेक्षा सहा लहान, आणि प्रत्येकात दूध, अंडं, डाळ असं प्रथिनाचं काहीतरी. नाकातली नळी सगळ्यांना घालायची गरज नसते हेही आता पक्कं ठाऊक आहे. तिने उलट फुप्फुसांचाच त्रास वाढतो.

दिवसातून तीनदा, दर वेळी दहा-पंधरा मिनिटं च्युइंगम चघळायला देतात. तोंड चालू झालं की मेंदूकडून पोटाला अन्न येतंय असा निरोप जातो आणि पचनसंस्था जागी होते. कॉफीवरही चाचणी झाली आहे. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर कॉफी पिणाऱ्यांना पहिल्यांदा शौचाला पाणी पिणाऱ्यांपेक्षा काही तास लवकर झाली. दोन्ही उपाय छोटे आहेत, पण निरुपद्रवी आणि हातातले आहेत. गिळायला त्रास असेल किंवा झोपेची गुंगी असेल तेव्हा च्युइंगम नको.

सलाईनबद्दल मला मनापासून सांगायचं आहे, कारण "अजून एक बाटली लावा, ताकद येईल" हे मी फार ऐकतो. साध्या सलाईनच्या एका लिटरमध्ये 9 ग्रॅम मीठ असतं. लिटरच्या तीन बाटल्या म्हणजे 27 ग्रॅम मीठ, आणि ऑपरेशननंतरचं शरीर मीठ बाहेर टाकायला मुळातच तयार नसतं. मग पाणी अंगात मुरतं. पाय सुजतात ते दिसतं, पण आतड्याच्या भिंतीही सुजतात आणि सुजलेलं आतडं हलत नाही. 2002 साली इंग्लंडमध्ये फक्त 20 रुग्णांवर केलेल्या अभ्यासात मीठपाणी बेताचं दिलेल्यांची जठरं आणि आतडी स्पष्टपणे लवकर चालू झाली, आणि त्यानंतर आमची नजर बदलली. पण उलट टोकही बरं नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे 3000 रुग्णांच्या मोठ्या चाचणीत हात फारच आखडता घेतलेल्या गटात मूत्रपिंडाला इजा जास्त झाली, 8.6 टक्के विरुद्ध 5 टक्के. म्हणून मोजमाप हवं. रोज सकाळी रुग्णाचं वजन करणं हा त्यावरचा सगळ्यात साधा उपाय. दोन दिवसांत तीन किलो वाढले तर ते पाणी आहे. तोंडाने पिणं सुरू झालं की सलाईन बंद करायला हरकत काय, हे विचारायला संकोचू नका.

प्रत्येक नळीबद्दल रोज हाच प्रश्न: ही आज कशासाठी आहे? लघवीची नळी बहुतेकांची पहिल्या-दुसऱ्या दिवशी निघते. नळी लटकत असेल तर माणूस चालायला निघतच नाही.

वयस्क माणूस दुसऱ्या-तिसऱ्या रात्री असंबद्ध बोलू लागला तर घाबरून जाऊ नका, पण सिस्टरना लगेच सांगा. त्यामागे ऑक्सिजन, जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, औषध असं काहीतरी असतं. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी पहिल्या दिवसापासून जवळ ठेवा. दिवसा पडदे उघडे, रात्री अंधार, आणि जवळ ओळखीचा माणूस. मुलीने जवळ बसून घरातल्या गोष्टी बोलत राहणं हा उपचारच आहे.

घरी आल्यावर दोन-तीन आठवडे थकवा इतका असतो की माणूस खचतो. सकाळी बरं वाटतं, दुपारी अंगातलं वारं गेल्यासारखं होतं. हे अपेक्षित आहे. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं चालायचं आणि आठवड्याला वाढवत न्यायचं. एका दिवशी फार करून पुढचे दोन दिवस झोपून काढायचे नाहीत. जिने चढायला हरकत नाही. 48 तासांनंतर अंघोळ बहुतेकांना चालते, जखमेवरून पाणी वाहू द्यायचं, घासायचं नाही, टॉवेलने टिपून घ्यायचं. जखमेत बसून राहील असं टबातलं पाणी नको. पाचव्या ते नवव्या दिवसाच्या सुमारास जखमेखाली बोटाला एक टणक कड लागते. अनेक जण ती गाठ समजून धावत येतात. ती नव्या तंतूंची भरणी आहे आणि ती लागणं चांगलं लक्षण आहे. आजूबाजूची बधिरता आणि खाज काही महिने राहू शकते.

वजन उचलण्याबाबत सहा आठवडे चार-पाच किलोंच्या वर नको असं मी सांगतो. हा आकडा अनुभवातून आणि सावधगिरीतून आलेला आहे, त्यामागे पक्का पुरावा आहे असं मी म्हणणार नाही. त्याहून मला बद्धकोष्ठाची काळजी जास्त वाटते. पाणी, तंतुमय अन्न आणि गरज असेल तर सर्जननी दिलेलं सौम्य रेचक. कुंथायची वेळ येऊ द्यायची नाही. पोटाचा पट्टा चालताना धीर देतो, तेवढ्यासाठी जरूर वापरा, श्वास अडेल इतका आवळू नका आणि झोपताना काढा. गाडी चालवायची ती अचानक ब्रेक दाबताना पोटात कळ येत नाही आणि गुंगीची औषधं बंद आहेत, याची खात्री झाल्यावरच. गाठ कर्करोगाची असेल तर रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं अनेकदा घरीही, एकूण 28 दिवसांपर्यंत द्यायला सांगतात. ती मध्येच सोडू नका.

आता ज्यासाठी फोन करायचाच, त्या गोष्टी. जखमेतून अचानक भरपूर गुलाबीसर पाणी आलं आणि ड्रेसिंग भिजलं, विशेषतः पाचव्या ते दहाव्या दिवसांत, तर आतला थर सुटत असल्याची ती खूण असू शकते. स्वच्छ ओल्या कापडाने झाकून, आडवं झोपवून, थेट रुग्णालयात. एका पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप लागणं, छातीत कळ, हेही तसंच. जखम लाल, गरम होऊन पू येणं, त्याच दिवशी दाखवायचं. पोट फुगून हिरव्या उलट्या आणि गॅस बंद, त्याच वेळी.

आणि आतड्याच्या सांध्यातून गळती. ती बहुतेकदा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस डोकं वर काढते, कधी घरी गेल्यावर. सुरुवात दर वेळी जोरदार दुखण्याने होत नाही. नाडी कारणाशिवाय वाढलेली, मिनिटाला 100 च्या वर. थोडा ताप किंवा थंडी. काल चालणारा माणूस आज नको म्हणतो, काल जेवलेला आज ताट सरकवतो, गप्प होतो. नातेवाईक म्हणतात, आज जरा थकल्यात. रोज थोडं थोडं पुढे सरकणारा रुग्ण एकदम मागे सरकला, तर मला रात्री दोनला फोन आलेला चालतो. तुमच्या सर्जनचा तसा नंबर घरी जाण्याआधी कागदावर लिहून घ्या आणि आईंची नाडी मनगटावर कशी मोजायची, ते रुग्णालयातून घरी सोडतील त्या दिवशी सिस्टरकडून शिकून घ्या.